मार्शलला वॉर्निंग

सगळा क्लब त्याला सिग्नल म्हणायचा. उभी हयात रेल्वेच्या कंट्रोल रूममध्ये गाड्यांच्या वेळा सांभाळण्यात गेलेली. निवृत्तीनंतर घरात बसवेना, म्हणून हा गृहस्थ दर रविवारी सकाळी गोल्फच्या मैदानाचा मार्शल झाला. दंडाला नारिंगी पट्टा बांधायचा, छोट्या गाडीतून मैदानभर फिरायचं आणि रेंगाळणाऱ्यांना पुढे हाकायचं. एका गटाने पाय ओढले की मागचे सगळे तुंबतात, हे त्याला कुणी शिकवायची गरजच नव्हती. पुढच्या गटापासून अख्खा एक होल, म्हणजे खेळाचा एक टप्पा, मागे पडलात की वॉर्निंग. एकाच दिवशी दोन वॉर्निंगा झाल्या की तुमचा रविवार गेला; यापुढे मंगळवारी दुपारी खेळा, रणरणत्या उन्हात. हा नियम त्यानेच कमिटीकडून मंजूर करून घेतला होता. त्या दिवशी स्वारी शीळ घालत घरी आली होती.

तेव्हा बायकोने गोल्फ सुरू केलेलं नव्हतं, एवढंच.

आता ती खेळायची. तिची धाकटी जाऊ आणि एक ग्रंथपाल मैत्रीण, असा तिघींचा गट. जाऊ बँकेत, मैत्रीण वाचनालयात. दोघींना सुट्टी फक्त रविवारी. म्हणजे रविवार गेला की गटही गेला. बरं, तिघी वाईट खेळत होत्या का? मुळीच नाही. पण बायको ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर गेली की चेंडूंनी पडलेले खळगे बुजवत बसायची. स्वतःचा तर बुजवायचीच, वर आधीच्या लोकांनी तसेच टाकून दिलेलेही. जाऊ चेंडू मारण्याआधी एक गोष्ट अर्धी सांगायची आणि मारून झाल्यावर उरलेली. ग्रंथपालबाई शांतपणे ऐकायच्या आणि मग आपली पाळी होती हे त्यांच्या लक्षात यायचं.

त्या सकाळी सहाव्या होलवर त्याने पहिली वॉर्निंग दिली. स्वतःच्या बायकोला, सगळ्यांदेखत.

"भाऊजी, घरी यायचंय ना जेवायला?" जाऊ म्हणाली.

"इथे मी मार्शल आहे," तो म्हणाला. बायकोने नुसती मान डोलावली, तेच त्याला जास्त लागलं.

चौदाव्या होलवर पुन्हा तीच गत. मागून हृदयाचे डॉक्टर आपल्या गटासह येऊन कमरेवर हात ठेवून उभे. सिग्नलने गाडी पिटाळली. पुढचा गट अजून नजरेच्या टप्प्यात होता. तिघींनी पाय उचलले असते तर सुटल्या असत्या. पण बायकोचा चेंडू उंच गवतात गेला होता आणि तिघी वाकून वाकून शोधत होत्या. चेंडू शोधायला तीन मिनिटं. नाही सापडला तर मागे जाऊन दुसरा मारायचा, आणि मागे गेल्या की दुसरी वॉर्निंग टळत नव्हती.

शोध लवकर उरकावा म्हणून त्याने गाडी सरळ गवतात घातली. जिथे चेंडू पडलेला असू शकतो तिथे गाडी न्यायची नाही, हे तो नव्या मार्शलांना पहिल्याच दिवशी बजावायचा. मागच्याच महिन्यात एकाला त्यावरून फैलावर घेतलं होतं. पण बायकोचा रविवार जातोय म्हटल्यावर शहाणपण कुठे राहतं?

उतरला, वाकला, आणि पुढच्या चाकाखाली बघतो तर चेंडू. चाकाने मातीत निम्मा गाडलेला, वर तिने ओळखीसाठी काढलेली निळी फुली. म्हणजे ती पलीकडे शोधत होती तो चेंडू इथेच पडला होता, आणि हा गाडी घालून आला नसता तर शोधत शोधत एव्हाना सापडलाही असता.

कुणी पाहिलं नव्हतं. गाडी थोडी पुढे घेतली की पायाने गवत सारता आलं असतं. कबूल करायचं म्हणजे डॉक्टरांसमोर हसं, आणि सगळ्या मैदानाला शिस्त शिकवणाऱ्या माणसाची शोभा. त्याने घड्याळ पाहिलं. मान वर केली तर बायको त्याच्याकडेच बघत होती. चेंडूकडे नाही, त्याच्याकडे.

"अगं, इकडे ये," तो म्हणाला. "चेंडू माझ्या चाकाखाली आहे."

जाऊने तोंडावर हात ठेवला. डॉक्टर लांबूनच ओरडले, "काय झालं? वॉर्निंग देताय की नाही?"

"देतोय," सिग्नल ओरडून म्हणाला. "मार्शलला. यांचा उशीर माझ्यामुळे झाला."

चेंडू काढून, पुसून मूळ जागी ठेवला. चूक बाहेरच्याची, तेव्हा तिला दंड नाही. बायकोने डॉक्टरांना हात करून पुढे जायची वाट दिली. डॉक्टर जाताना हसले, पण टोपीला हात लावून गेले. मग तिनेही मारलं, आणि सिग्नलने तिची पिशवी खांद्यावर घेतली. गाडी तिथेच राहिली.

"लपवणार होतात ना?" चालता चालता तिने हळूच विचारलं.

"होतो. क्षणभर."

"दिसलं मला." ती थोडी चालली. "अहो, तुमच्या गाड्या वेळेवर सुटाव्यात म्हणून मी जन्मभर घड्याळाकडे बघत डबे भरले. तक्रार नाही माझी. पण इथे आले आणि पहिल्यांदाच माझ्या मागे कुणी लागलं नाही. मग तुम्ही पट्टा बांधून आलात."

इतक्या वर्षांत हे त्याला कधी सुचलं नव्हतं. पुढच्या ग्रीनवर ती खळगे बुजवायला वाकली, तेव्हा तो मुकाट्याने झेंडा धरून उभा राहिला.

क्लबात परतल्यावर त्याने पट्टा कॅप्टनच्या टेबलावर ठेवला. कॅप्टन म्हणाले, "अहो, एवढ्यासाठी?" तो म्हणाला, "एवढ्यासाठीच." तिघींचा रविवार शाबूत राहिला.

तिघी व्हरांड्यात चहा घेत होत्या. तो खुर्चीमागे उभा राहिला आणि नवरेपण, मार्शलपण सगळं बाजूला ठेवून म्हणाला, "पुढच्या रविवारपासून मी मोकळा आहे. तुमच्यात चौथा म्हणून येऊ का?"

जाऊने ग्रंथपालबाईंकडे पाहिलं. ग्रंथपालबाईंनी कपात पाहिलं. बायकोने चहाचा घोट घेतला, कप ठेवला, पुन्हा उचलला. जन्मात कधी इतका वेळ उत्तराची वाट बघावी लागली नव्हती त्याला.

"बसा तर खरं," ती शेवटी म्हणाली आणि शेजारची खुर्ची ओढली. "विचार करून सांगतो आम्ही. घाई काय आहे?"