पाऊण तासाची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे, रस्त्यावरची. लेर्शाउ गावाच्या वर, लाकडाच्या गिरणीपाशी वाटेला दोन फाटे फुटतात. तिथल्या खांबावर मी अडतीस वर्षे काढली. माझ्यावर अक्षरे मोजकीच, पण मी आयुष्यात जितकी बोलणी खाल्ली तितकी गावातल्या कोणी खाल्ली नसतील. काही तर रास्तच होती.

माझा जन्म क्विरिनच्या गोठ्यात झाला. क्विरिन म्हणजे गावचा वाटराख्या. बर्फ वितळला की वाटेवरचे दगड बाजूला करायचे, वाहून गेलेल्या फळ्या पुन्हा ठोकायच्या, खडकांवर लाल-पांढऱ्या खुणा रंगवायच्या, हे त्याचे काम. त्याने लार्च झाडाची जाड फळी रंधून मला गुळगुळीत केले, पिवळा रंग दिला आणि जीभ किंचित बाहेर काढून काळ्या अक्षरांत लिहिले, ‘वरचे कुरण, पाऊण तास’. आमच्या डोंगरात पाट्यांवर अंतर लिहीत नाहीत, वेळ लिहितात. उभ्या चढावर अंतर कळून कोणाचे पाय हलके होणार?

उन्हाळा लागला की पाहुणे यायचे. कोणी तळ्यात डुंबायला निघालेले. पाणी असे गार की पहिली बुडी मारताना गिरणीपर्यंत किंचाळी ऐकू यायची. कोणी ब्लूबेरी वेचून जांभळ्या तोंडाने परतायचे. पण निम्मे लोक वरच्या कुरणाकडेच वळायचे, कारण तिथल्या लाकडी घरात नोटबुर्गा ताजे ताक द्यायची आणि लोण्यात परतलेला, वर साखर भुरभुरलेला गोड धिरड्यांचा चुरा तव्यासकट पुढ्यात ठेवायची. नोटबुर्गा ही क्विरिनची बायको. उन्हाळाभर ती गाईंबरोबर वर राहायची. तो खाली गवत कापायचा आणि दर शनिवारी तिच्याकडे जायचा.

पाहुणे माझ्याकडे बघून खूश होत. “पाऊणच तास! चला, जेवणाआधी पोचू.” संध्याकाळी तेच लोक लाल तोंडाने, लंगडत खाली येत. एका जाड्या गृहस्थाने तर मला काठीने ठोकून विचारले, “कोणाचा पाऊण तास गं? बकरीचा?”

मी काय सांगणार? गावातल्या लोकांना तर माझ्यावर काय लिहिले आहे तेच माहीत नव्हते, कारण जन्मापासून त्याच वाटेने जाणारा माणूस पाटी कशाला वाचेल? पाहुणे धापा टाकू लागले की गावकरी म्हणत, सपाट मुलखातली माणसे, त्यांना सवय नाही. क्विरिनच्या कानावरही तक्रारी जात. तो हसून म्हणायचा, “मी स्वतः मोजलंय. डोंगर काही वाढलेला नाही.”

मला त्याचा फार अभिमान वाटायचा. तो म्हणतो म्हणजे पाऊण तासच असणार, असे मी स्वतःला समजावत असे. पण मित्रांनो, खरे सांगू? दर संध्याकाळी ते लंगडणारे पाय पाहिले की माझा रंग मलाच टोचायचा.

मी नऊ वर्षांची असताना डेट्लेफ नावाचा एक पाहुणा आपल्या मुलीला घेऊन आला. मुलीचे नाव फ्रीडा, वय सहा. दुपारचे अडीच वाजले होते. पश्चिमेच्या सुळक्यामागे ढगांनी डोके वर काढले होते आणि अख्खे गाव वाळलेले गवत कोठारात भरण्याच्या घाईत होते. क्विरिन खांद्यावर दाताळे टाकून लगबगीने चालला होता.

“अहो, कुरणावर पोचू ना आम्ही पावसाच्या आत?” डेट्लेफने विचारले.

“पाऊस चारच्या आधी येत नाही. पाटीवर काय लिहिलंय?”

“पाऊण तास.”

“मग झालं तर! जा बिनधास्त.”

आणि ती दोघे गेली. फ्रीडा माझ्याकडे वळून हात हलवत होती. थांब गं, म्हणून ओरडावेसे वाटले, पण पाटीला तोंड कुठे असते?

चारला आभाळ फुटले. आधी वारा, मग विजा, मग गारा. गिरणीच्या छपरावर असा ताशा वाजला की आत कोणाला कोणाचे ऐकू येईना. क्विरिन तिथेच आडोशाला उभा होता. एवढ्यात गिरणीतला फोन वाजला. वरून नोटबुर्गा होती. ढग दाटले की खाली फोन करून वाटेवर कोणी आहे का ते विचारायची तिची पद्धत.

“आहेत की,” क्विरिन फोनमध्ये ओरडला. “बाप आणि लेक. अडीचला निघालेत, केव्हाच पोचले असतील!”

पलीकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आले नाही. क्विरिनचा चेहरा मात्र दारातून मला दिसला. पांढराफटक पडला होता. त्याने दोर उचलला, डोक्यावर रिकामे पोते घेतले आणि गारांतून माझ्यासमोरून धावत सुटला.

ती रात्र मी कशी काढली ते माझे मलाच ठाऊक. वारा मला खांबावरून उपटू बघत होता आणि एकदा वाटले, उपटलेच तर बरे.

सकाळी सगळे खाली आले. क्विरिन, डेट्लेफ, फ्रीडा, आणि गाई शेजारणीवर सोपवून नोटबुर्गासुद्धा. फ्रीडा क्विरिनच्या खांद्यावर बसली होती. माझा जीव भांड्यात पडला. वर काय घडले ते मी तिच्याच तोंडून ऐकले. ओढ्याशी एका खडकाखाली बापलेक चिकटून बसले होते, कुरण अजून अर्ध्या तासावर होते. क्विरिनने त्यांना गाठले, गारा ओसरेपर्यंत थांबला आणि मग तिचे बोट धरून कुरणाकडे निघाला. उचलून घेतो म्हणाला तर ती ऐकेना.

“मी विचारलं, अजून किती? तर हा म्हणाला, पाच मिनिटं,” फ्रीडा सांगत होती. “मग परत विचारलं, तर परत पाच मिनिटं! सात वेळा!” एवढे म्हणून तिने माझ्याकडे बोट दाखवले. “क्विरिन, तुझी पाटी खोटं बोलते.”

कोणी तिला दटावले नाही. आमच्याकडे डोंगरात वर जिथे झाडे संपतात ती हद्द ओलांडली की कोणी कोणाला अहो-जाहो करत नाही, आणि रात्रभर एका चुलीशी बसल्यावर खाली येऊनही ते सुरू होत नाही.

“पाटी नाही खोटं बोलत,” क्विरिन पुटपुटला. “मी खरंच पाऊण तासात जायचो.”

“कधी?” नोटबुर्गाने कमरेवर हात ठेवले.

“तेव्हा...”

“तेव्हा म्हणजे लग्नाआधी ना? अरे, तेव्हा तू मला भेटायला धावत यायचास! जीभ बाहेर काढून दारात उभा राहायचास, तोंडातून शब्द फुटायचा नाही. या बिचाऱ्यांना काय माझ्याशी लग्न करायचंय?”

डेट्लेफ खो खो हसला. क्विरिन मात्र कानापर्यंत लाल झाला. त्याने टोपी काढली आणि डेट्लेफपुढे मान खाली घातली. “चुकलं माझं. पोरीचा जीव गेला असता.” मग तो घरी जाऊन रंगाचा डबा घेऊन आला, त्या आकड्यावर जाड पिवळा रंग चढवला आणि लिहिले, ‘दोन तास’. खाली बारीक अक्षरांत, ‘फ्रीडाच्या पायांनी’.

त्या उन्हाळ्यापासून गावात एक रीतच पडली. नवी पाटी लावायची असो की जुनी रंगवायची, क्विरिन पाहुण्यांतला सगळ्यांत हळू चालणारा माणूस शोधायचा आणि त्याच्याबरोबर चालून वेळ मोजायचा. गावातले टवाळ म्हणायचे, “काय रे, आज कोणती गोगलगाय पकडलीस?” तो चिडायचा नाही. आणि संध्याकाळी खाली येणारी माणसे आता माझ्याशी दोन गोड शब्द बोलायची. एका बाईने तर जाता जाता मला थोपटले. एकोणतीस वर्षे मी अशी सुखात काढली.

पुढे पत्र्याच्या चकचकीत पाट्या आल्या. मला काढून गिरणीमागच्या सरपणात टाकले. दोन हिवाळे मी बर्फाखाली पडून होते, माझा रंग पोपडे धरून सुटत होता. मला वाटले, आता चूल.

एका शनिवारी कुबडीसारखी काठी टेकत क्विरिन आला. त्याने ढीग उपसून मला शोधले, पाठीला बांधले आणि चालू लागला. दर दहा पावलांवर तो थांबायचा. अडतीस वर्षे लोकांना जी वाट मी दाखवली ती त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिली.

नोटबुर्गा दारातच उभी होती. “चार तास! पूर्वी पाऊण तासात यायचास.”

“तेव्हा दुसरा कोणी आधी पोचेल अशी धास्ती होती,” तो धापा टाकत म्हणाला. “आता नाही.”

मला भिंतीला टेकवताना वरच्या रंगाचा उरलासुरला पोपडा गळून पडला. खालून जुनी अक्षरे वर आली, ‘पाऊण तास’. क्विरिन ओशाळला आणि त्याने कोनाड्यातून रंगाचा कुंचला शोधून काढला. नोटबुर्गाने तो त्याच्या हातातून काढून घेतला.

“राहू दे,” ती म्हणाली. “हा आकडा माझा आहे.”

मित्रांनो, आता मी तिच्या दाराशेजारी टांगलेली आहे, ऊन खाते, ताकाचा वास घेते. माझे एवढेच मागणे आहे. दुसऱ्यासाठी काही मोजाल तेव्हा आपल्या पायांनी मोजू नका, सगळ्यांत मागे राहिलेल्याचे बोट धरून मोजा. आणि जुनी पाटी सरपणात टाकण्याआधी तिच्या रंगाखाली काय आहे ते एकदा पाहा.

घामाघूम पाहुणे अजूनही मला वाचून डोळे विस्फारतात. “खरंच पाऊण तासात येता येतं इथे?”

नोटबुर्गा बाकावर डुलक्या घेणाऱ्या क्विरिनकडे बघते आणि सांगते, “येतं की. पण एकालाच.”