काचेची बाहेरची बाजू

मी एक जुना वायपर आहे, मित्रांनो. पाऊस नसला तर माझ्याकडे कुणी बघत नाही, आणि पाऊस असला तर माझ्यापलीकडे बघतात. दोन्हीची मला सवय आहे.

माझा दांडा लोखंडाचा आणि पातं रबराचं. कारखान्यातून निघाल्यावर बरेच दिवस मी वाशीतल्या एका दुकानात पुठ्ठ्याला बांधून टांगलेला होतो. तिथून मला सदूभाऊंनी नेलं. दिघ्यात राहणारे सदूभाऊ शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचे. त्यांनी मला ड्रायव्हरच्या बाजूला बसवलं, माझ्या जोडीदाराला डावीकडे, आणि काचेखालच्या एकाच छोट्या मोटारीवर आम्ही दोघे डुलू लागलो.

मुलांना आम्ही फार आवडायचो. लख्ख उन्हातही मागून ओरडा व्हायचा, "काका, वायपर लावा ना!"

"कोरड्या काचेवर त्याचं रबर जातं रे."

"एकदाच, काका!"

सदूभाऊ एकदाच लावायचे आणि सगळी व्हॅन टाळ्या वाजवायची. टाळ्या मिळवलेले वायपर तुम्ही फारसे पाहिले नसतील.

उन्हाळ्यात व्हॅन उभी केली की सदूभाऊ आम्हाला काचेवरून उचलून ठेवत, कारण तापलेल्या काचेला रबर चिकटतं. त्यांची मुलगी क्रांती हसायची. "आप्पा, दोघांनी हात वर केलेत. पोलीस आलेत काय?"

गेल्या हिवाळ्यात सदूभाऊ गेले. छातीत दुखतंय म्हणून रिक्षाने दवाखान्यात गेले, ते परत आले नाहीत. व्हॅन गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. सगळा उन्हाळा मी काचेला चिकटून होतो. क्रांती कामावरून येताना रोज व्हॅनच्या दारावर हात ठेवायची, पण दार उघडायची नाही. तिला मी दोष देत नाही. तिला व्हॅनमध्ये वडील दिसत असतील. मी कुठून दिसणार?

मग आषाढी पौर्णिमा आली. त्या दिवशी वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळी मुक्काम, सुरू होतो आणि घाटापलीकडच्या सदूभाऊंच्या गावी, बुद्धविहारात, संध्याकाळी ग्रंथवाचन बसतं. पहिलं पान दरवर्षी सदूभाऊ वाचायचे. यंदा त्यांच्या थोरल्या बहिणीचा, राजाबाईंचा फोन आला. "सदूच्या जागी तूच बस गं पोरी. दुसरं कुनी बसलं तर मला बघवनार न्हाई."

क्रांतीने हो म्हटलं, आई दुर्गाबाईंना शेजारी बसवलं आणि व्हॅन काढली. तिने बटण दाबलं तेव्हा मी काचेपासून सुटताना चिरकलो. रबराचा एक तुकडा काचेवरच राहिला.

मुरबाड मागे पडलं तशी भातखाचरं विरळ झाली आणि उत्तरेकडचे काळे, उघडे कडे समोर उभे राहिले. माळशेज घाट सुरू झाला. जिकडे बघावं तिकडे धबधबे. काही दोरीसारखे बारीक, काही थेट रस्त्यावर कोसळणारे. लोक गाड्या थांबवून त्यांच्याखाली नाचत होते. क्रांती एकाही धबधब्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. प्रत्येक फेरी मला जड जात होती, आणि हे तिला कळलं होतं.

"कसला आवाज हाय त्यो?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"काही नाही गं."

"काही न्हाई म्हनतीस आन् स्टेअरिंगला चिकटून बसलीस!"

पुढच्याच वळणावर एक धबधबा आमच्या टपावर आदळला. आमच्या मोटारीतून जळका वास आला आणि आम्ही दोघे काचेच्या मधोमध थांबलो. क्रांतीने बटण दाबलं, पुन्हा दाबलं. समोर नुसतं पांढरं पाणी होतं. मागून टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. तिने चाचपडत व्हॅन कड्याच्या बाजूला घेतली. टेम्पो निघून गेला. तेव्हा खिडकीतून तिला शेजारचा फलक दिसला: दरड कोसळण्याचा धोका, वाहने थांबवू नका. वरून पाण्याबरोबर बारीक दगड घरंगळत येत होते. एक टपावर वाजला.

मित्रांनो, न दिसता पुढे गेलं तर दरी, आणि थांबून राहिलं तर कडा. काचेतून मला तिचा चेहरा दिसत होता. तो पुसून काढल्यासारखा झाला होता.

दुर्गाबाई खाली उतरल्या. पोलक्यातून त्यांनी एक पुडी काढली, तळहातावर तंबाखू घेऊन पावसात मळली आणि काचेवर खसाखसा चोळू लागल्या.

क्रांती खिडकीतून ओरडली, "आई! ही कुठून आली? सोडली होतीस ना तू?"

"सोडली व्हती की. तुझ्यापुरती."

"आप्पांसमोर शपथ घेतली होतीस!"

"तुझा आप्पाच आनून देत व्हता मला, टपरीवरून! मागं ह्याच घाटात आधीचा वायपर बंद पडला, तवा त्यानंबी माझीच घेऊन चोळली. एकटी तूच अंधारात व्हतीस. आता काच बघ."

तंबाखूच्या पाण्याचा पातळ थर काचेवर बसला होता. थेंब आता साचत नव्हते, सपाट होऊन खाली सरकत होते. लांबचं दिसत नव्हतं, पण पुढच्या गाडीचा लाल दिवा दिसत होता. तेवढ्यावर क्रांती निघाली. दुर्गाबाई आत बसून, डोकं बाहेर काढून सांगत राहिल्या, "डावीकडं जागा हाय... हळू... भिंत आली... चल." मी मधोमध अडकलेला, तिच्या नजरेच्या आड येत होतो. माझ्या आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही.

बोगदा आला, कडे मागे राहिले, सपाट माळ लागला. क्रांतीने व्हॅन कडेला घेतली. तिचे हात स्टेअरिंगवरून सुटेनात. हिवाळ्यापासून ती एकदाही रडली नव्हती. आधी दवाखान्याची धावपळ होती, मग आलेगेले, मग आईचं जेवणखाण.

"आता रड," दुर्गाबाई म्हणाल्या. "चालवताना नगं. आता रड."

ती रडली. काच आतून धुरकट होत गेली आणि मला दोघी दिसेनाशा झाल्या. मग एका बाजूला पदराचा बोळा गोल फिरला. त्या स्वच्छ गोलात दुर्गाबाई होत्या, आणि त्यांचा दुसरा हात लेकीच्या पाठीवर होता.

संध्याकाळी विहाराबाहेर उभा असताना मी क्रांतीचा आवाज ऐकला. पहिल्या ओळीला तो अडखळला. मग थांबला नाही.

आता मला नवं रबर आहे, आम्हाला फिरवणारी मोटारही नवी आहे. मित्रांनो, पाऊस येण्याआधी आम्हाला एकदा तपासून घ्या, एवढंच मागणं. पण एक लक्षात असू द्या. माझा हात काचेच्या बाहेरूनच फिरतो. आतून धुरकटलेली काच पुसायला शेजारी बसलेलं माणूस लागतं.