विसावं मत

ऑर्विल टॅगर्ट राष्ट्राध्यक्ष झाला असता तर डॉर्कस व्हिटकमला काय मिळालं असतं, याचा हिशेब लिंडन गोरमधल्या प्रत्येकाने करून पाहिला होता. शाळेची बस चालवायची तिची नोकरी संपून सात वर्षं झाली होती, त्यामुळे बढतीचा प्रश्न नव्हता. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे कोणाला कुठे चिकटवायचं नव्हतं. रस्ता दारापर्यंत डांबरी होता. उजवा गुडघा सोडला तर तब्येत ठणठणीत होती, आणि गुडघ्यावर वॉशिंग्टनमध्ये कायदा होत नाही.

"मग तुला पॅरिसला राजदूत म्हणून पाठवणार असेल," कचरा डेपोवरचा क्लेटन मडगेट म्हणाला.

"तुलाही नेईन की! तिथला कचरासुद्धा कोणीतरी वेगळा करायला हवाच."

"ते जाऊ दे. तू रेघेच्या आत आली आहेस. हो मागे."

डॉर्कस टॅगर्टच्या नावाची पाटी घेऊन दोन पावलं मागे सरली. गावच्या जागेत प्रचार चालत नाही, म्हणून क्लेटनने फाटकापाशी बर्फात फावड्याने रेघ ओढून ठेवली होती. बर्फ पडला की रेघ बुजायची, आणि तो ती परत ओढायचा, दर वेळी थोडी आपल्या बाजूला. डॉर्कसला थोडा तरी आडोसा मिळावा म्हणून. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

लिंडन गोरला ना वर्तमानपत्र, ना धड खानावळ. शनिवारी सकाळी ज्याने-त्याने आपला कचरा आपल्या गाडीत घालून डेपोवर न्यायचा, आणि गावात काय चाललंय ते तिथे ऐकायचं. म्हणून दर चार वर्षांनी, पक्षाने कोणाला उभं करायचं हे ठरवणारी मतदानाची फेरी जवळ आली की मोठमोठे उमेदवारही त्या फाटकापाशी हात चोळत उभे राहत. टॅगर्ट मोठा नव्हता. साउथ डकोटातला निवृत्त न्यायाधीश, काठीसारखा उंच, स्वतःच गाडी चालवत आलेला. हजार डॉलर भरून त्याने मतपत्रिकेवर आपलं नाव छापून घेतलं होतं. पक्षाची अशी एकवीस नावं होती, त्यात त्याचं खालून तिसरं.

तो आला तेव्हा ऑक्टोबरचा मध्य होता. त्याची पत्रकं कोणी घेत नव्हतं, आणि डॉर्कस तिच्या ट्रकमधून एक आरामखुर्ची एकटीने खाली ओढत होती. टॅगर्टने पत्रकं ट्रकच्या टपावर ठेवली आणि खुर्चीची दुसरी बाजू धरली. दोघं मोठ्या डब्याच्या कडेपर्यंत आले. इथे कोणीही "एक, दोन, तीन" म्हटलं असतं.

"कोणाची?" त्याने विचारलं.

"नवऱ्याची."

"मग जरा खाली टेकवू या."

त्यांनी खुर्ची जमिनीवर टेकवली आणि डॉर्कस दहा मिनिटं बोलत राहिली. आल्टनला जाऊन अडीच वर्षं होत आली होती. एवढ्या काळात गावाने तिला ओव्हनमध्ये भाजलेल्या पदार्थांच्या अकरा थाळ्या आणून दिल्या होत्या, पण खुर्चीबद्दल एकानेही विचारलं नव्हतं. बोलून झाल्यावर दोघांनी मिळून खुर्ची डब्यात टाकली. हात झटकत डॉर्कस म्हणाली, "जजसाहेब, या गावातून तुम्हाला वीस मतं मिळतील."

"सहाच्या वर गेलीस तर ही टोपी खाईन," पलीकडून क्लेटन म्हणाला.

टॅगर्ट हसला नाही. त्याने खिशातून छोटी वही काढली आणि लिहिलं: लिंडन गोर, वीस. डॉर्कसने ते लिहिताना पाहिलं, आणि तिथेच फसली. एकतीस वर्षं ती रोज दोनदा बसमधली डोकी मोजत आली होती, आणि तिचा आकडा एकदाही चुकला नव्हता.

तेव्हापासून टॅगर्टची लिंडन गोरमधली सगळी फौज म्हणजे दोन म्हाताऱ्या. एक डॉर्कस, दुसरी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी विनिफ्रेड क्विंबी. विनिफ्रेडला टॅगर्टचे विचार फारसे ठाऊक नव्हते, पण हिवाळ्यात घरी बसून तिचं डोकं उठायचं. प्रचाराच्या रीतीप्रमाणे प्रत्येक घराला एक ते पाच आकडा द्यायचा: एक म्हणजे पक्का आपला, पाच म्हणजे परत जाऊ नये.

"पिंकहॅमकडे कुत्रा अंगावर आला," विनिफ्रेड म्हणाली. "पाच लिहू?"

"कुत्रा यादीत नाही. रसेल काय म्हणाला?"

"म्हणाला, विचार करतोय."

हे या भागातलं ठरलेलं उत्तर. उमेदवाराशी तीनदा हस्तांदोलन केल्याशिवाय इथला माणूस बायकोलाही मनातलं सांगत नाही. डॉर्कस स्वतः गेली. रसेल पिंकहॅम आता पंचेचाळिशीचा, प्लंबर, दारात उभा.

"विचार करतोय, मिसेस व्हिटकम."

"तू तिसरीत असताना असाच थांब्यावर विचार करत उभा राहायचास, आणि मी अख्खी बस तुझ्यासाठी खोळंबून ठेवायची. माणूस चांगला आहे, रसेल. तुझं म्हणणं ऐकून घेईल."

"निवडून येईल का पण?"

"नाही."

रसेल बराच वेळ हसला. "तुम्ही पहिल्याच, खरं बोललात. लिहा एक."

असं करत करत जानेवारीअखेर यादीत एकोणीस 'एक' झाले. विसावी ती स्वतः.

मतदानाच्या दिवशी हवा उणे बारा होती. डॉर्कसने सकाळपासून एकोणीस घरी फोन केले, सात जणांना आपल्या ट्रकमधून सभागृहात आणलं आणि प्रत्येक जण आत गेला की बोटावर मोजला. संध्याकाळी सहाला ती स्वतः गेली. गाडी रिकामी झाल्यावर चालक उतरतो, तशी.

यादीवर नगर कारकून जोसेट बोद्वाँ बसली होती. तीही एकेकाळी त्याच बसची, तिसऱ्या थांब्यावरची. तिने पट्टी नावाखाली धरली आणि ती तशीच धरून राहिली.

"मिसेस व्हिटकम, तुमच्या नावापुढे दुसरा पक्ष आहे."

"माझ्या नावापुढे काही नसतं गं. मी कोणाचीच नाही. जन्मभर नाही."

"मागच्या वेळी तुम्ही त्या पक्षाची मतपत्रिका घेतली होती. कोणत्याच पक्षात नसलेल्याला कोणतीही पत्रिका घेता येते, पण घेतली की नाव त्या पक्षात जातं. जाताना दारापाशी सही करून पक्षातून बाहेर पडायचं असतं, ती तुम्ही केली नाही." जोसेटने आवाज खाली आणला. "बदलायची मुदत ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात संपली. मला टॅगर्टची पत्रिका तुम्हाला देता येत नाही."

हे सगळं डॉर्कसने या चार महिन्यांत विनिफ्रेडला दोनदा आणि रसेलला एकदा समजावून सांगितलं होतं. एकोणीस जणांची नोंद तिने तपासून घेतली होती. बसमधली डोकी मोजताना ती स्वतःला कधी धरत नसे.

आणि मागच्या वेळचं तिला आठवत होतंच. आल्टन दुसऱ्या पक्षाचा, आणि त्याचा उमेदवार म्हणजे आयडाहोतला एक गुरांचा डॉक्टर. गावात त्याचं नाव घेणारा आल्टन एकटाच. खोकत खोकत तो त्याच डेपोच्या फाटकापाशी पाटी घेऊन उभा राहिला, आणि डॉर्कसने महिनाभर त्याची थट्टा केली. पण मतदानाच्या दिवशी टेबलापाशी आल्यावर तिच्या डोळ्यापुढे रात्रीचं सभागृह आलं: भर गावात त्या डॉक्टरच्या नावापुढे "एक" वाचलं जाणार, आणि सगळे वळून आल्टनकडे बघणार. तिने त्याच्या पक्षाची पत्रिका मागितली. बाहेर पडताना त्याला धाप लागली होती. त्याचा दंड धरून ती सहीच्या टेबलावरून तशीच पुढे गेली.

त्या रात्री "दोन" वाचलं गेलं, तेव्हा आल्टनने तिच्या मांडीवर थाप मारली. "दोन! अगं डॉर्कस, दुसरा शहाणा कोण?"

"मला काय विचारता?"

पुढे खुर्चीत बसून तो महिनोन्‌महिने त्याच दुसऱ्या माणसाचा अंदाज बांधत होता. एकदा म्हणाला, "ओळखला मी." नाव मात्र त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही, आणि तिने विचारलं नाही.

"मिसेस व्हिटकम?" जोसेट म्हणाली. "रांग लागली आहे."

"जी मिळते ती दे."

पडद्याआड दुसऱ्या पक्षाच्या पत्रिकेवर नावांची लांबलचक यादी होती आणि शेवटी एक मोकळी ओळ, आपल्या मनातलं नाव लिहायला. तिथे टॅगर्टचं नाव लिहिलं असतं तरी ते दुसऱ्याच पक्षाच्या खात्यात पडलं असतं. डॉर्कसने सावकाश, सुवाच्य अक्षरात एक नाव लिहिलं. जाताना दारापाशी थांबली, चष्मा लावला आणि सही केली.

मतं हातानेच मोजतात, सगळ्यांसमोर. क्लेटन मडगेट, जो कधी मत देत नाही, तो टोपी घालून मागे उभा होता. टोपीचं काय होतं ते बघायला, म्हणाला.

"टॅगर्ट," सभापतींनी वाचलं, "एकोणीस."

विनिफ्रेडने डॉर्कसचा हात दाबला. "अगं, एक कोण फुटला?"

डॉर्कसने समोरच्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. रसेल होता. सगळे होते. एकही फुटला नव्हता.

मग दुसऱ्या पक्षाची मतं वाचली गेली आणि शेवटी हाताने लिहिलेली नावं. कोणाचा तरी कुत्रा, एक. बास्केटबॉलचा प्रशिक्षक, दोन. सभापतींनी पुढचा कागद जवळ धरला.

"आल्टन व्हिटकम. एक."

कोणी हसलं नाही. मागे क्लेटनने टोपी काढून हातात धरली.

घरी येऊन तिने टॅगर्टला फोन लावला. अख्ख्या राज्यातून त्याला सहाशे अकरा मतं पडली होती आणि तो मोटेलमध्ये सामान भरत होता.

"एकोणीस, जजसाहेब."

"तुम्ही वीस म्हणाला होतात." तक्रार नव्हती, तो वहीत बघून बोलत होता.

"विसावं मी आधीच एकाला देऊन बसले होते. माझ्या लक्षात नव्हतं."

पलीकडे वही मिटल्याचा आवाज झाला. "खुर्चीवाल्यांना?"

"त्यांनाच."

"मग हिशेब लागला," टॅगर्ट म्हणाला.

शनिवारी ती कचरा घेऊन डेपोवर गेली. पाटी नव्हती, तरी पाय रेघेपाशी थबकले.

"ये आत," क्लेटन म्हणाला. "आता कशाला उभी आहेस तिथे?"

ती आत गेली. क्लेटन हातमोजे काढून उभा होता, आणि त्याच्या हातात कागदी पिशवी होती.

"तू त्या पक्षाची पत्रिका घेतलीस, म्हणजे तेव्हा ते दुसरं मत तुझंच होतं," तो म्हणाला. "चार वर्षांपूर्वी."

"आता विचारून काय करतोस?"

"आल्टनला वाटायचं मीच. दर शनिवारी डोनट आणायचा, अर्धा मला द्यायचा आणि डोळा मारायचा. मोठा अर्धा. मी कधी मतच देत नाही, हे सांगायचं राहून गेलं." त्याने नाक पुसलं. "पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. पण डोनट चांगला असायचा गं."

"त्यांना गोड बंद होतं, क्लेटन."

"म्हणून तर अर्धा."

डॉर्कसला हसू आलं आणि ते अर्ध्यावर अडकलं. "किती झाले?"

"जाईपर्यंत? अडुसष्ट शनिवार. मी मोजलेत काल."

पिशवीतून त्याने डोनट काढला आणि मोडला. तो वाकडाच मोडला. दोन्ही तुकडे त्याने नीट पाहिले आणि मोठा तिच्या हातावर ठेवला.

तर टॅगर्टचे हजार डॉलर गेले. दारोदार फिरून विनिफ्रेडला लागलेला खोकला मार्चपर्यंत राहिला. डॉर्कसचं एक मत गेलं, ते ज्याच्यावर खर्च झालं त्याला न कळता. क्लेटनची टोपी, एकोणीस सहाच्या वर असूनही, त्याच्या डोक्यावर शाबूत राहिली. तिचा विषय डॉर्कसने काढला नाही. दोघं डब्याच्या कडेला उभं राहून, बोटांवरची साखर झटकत खात होती.

अडुसष्टातला एक फिटला. राहिले सदुसष्ट.