दोन सिलिंडर देवाच्या नावानं

करोनाच्या बंदीपायी दोनदा लांबलेलं प्रतिक्षाचं लग्न तिसऱ्यांदा ठरलं, ते साल दोन हजार बावीस. त्याच महिन्यात तिच्या आज्याच्या, पुसेगावच्या सटवाजी आबाच्या जुन्या मोटारीचं इंजिन जाम झालं.

गावातली प्रत्येक नवरी त्याच मोटारीतून सासरी जायची. मारुतीच्या पारापाशी मोटार बंद पडायची आणि नवरा-नवरी उतरून ती ढकलायचे. ढकलणाऱ्यांपैकी एकाचाही संसार आजवर मोडला नव्हता. एकदाच मोटार न थांबता गेली. ती नवरी दिवाळीच्या आत माघारी आली.

कनेरगाव नाक्याच्या विश्वंभर मिस्त्रीनं इंजिन खोललं. "आबा, कुठवर दुरुस्त करू?"

"पारापर्यंत."

"म्हंजे?"

"पारापर्यंत चालली पायजे, तिथं बंद पडली पायजे, ढकलली की चालू झाली पायजे."

"चालायची ग्यारंटी देतो. बंद पडायची कशी देऊ?"

"काहून? आजवर तर न मागता देत होता," चहा ठेवत शालूबाई, आबाची बायको, म्हणाली.

मिस्त्री ओशाळला. "मंग पेट्रोलच मोजून टाका ना."

"ती लबाडी झाली. मोटार आपल्या मनानं थांबली पायजे. मारुतीला सगळं कळतंय."

दोन दिवस खल झाला. शेवटी चारपैकी दोन सिलिंडर दुरुस्त करायचे, दोन देवाच्या नावानं सोडायचे, असं ठरलं.

लग्न लागलं. नातजावई भागवत चालवायला बसला, शेजारी प्रतिक्षा. दोन सिलिंडरांवर मोटार अशी सुटली, की चारांवर कधी सुटली नव्हती. पार आला, पार गेला. सटवाजी धोतर सावरत मागं पळत सुटला.

"आरं थांबव! न्हाई, थांबवू नको! तिची ती थांबू दे!"

शंभर पावलांवर मोटार एकदम गप झाली. प्रतिक्षा उतरली. "आबा, पडली बंद."

सटवाजी धापा टाकत जवळ गेला. नातीच्या ओटीत खारकांमधून मोटारीची किल्ली डोकावत होती. त्यानं वळून मारुतीकडं पाहिलं, मग नातीचा पदर ओढून ओटी झाकली.

"आपल्या मनानं पडली!" तो साऱ्या गावाला ऐकू जाईल असा ओरडला. मग हळूच म्हणाला, "बाई, किल्ली लाव परत. न्हाईतर सासरपर्यंत ढकलशील."

प्रतिक्षाचा संसार नीट चालला आहे. सटवाजी आबा दोन हजार तेवीस साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वारला.