एमेटचा डाव

मैदानावर माणसं लागतात नऊ, आणि कोच वर्लिनच्या बेसबॉल संघात पोरं होती त्रेपन्न. नेब्रास्कातल्या त्या छोट्या कॉलेजला खेळाडू कुठे हवे होते, हवी होती फी. "पोरं आणा, नाहीतर संघ बंद," असं वरून सांगितलं जाई, आणि वर्लिन गावोगाव फिरून लोकांच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत थापा मारी. एमेट कोझाकच्या आईलाही, डोरीनला, तो म्हणाला होता, "पोराला खेळवीन. शब्द देतो."

चार वर्षं एमेट बाकावरच बसला. बसमध्ये मात्र त्याच्याभोवती गर्दी असे. नापासाच्या काठावरच्या निम्म्या संघाला त्यानेच गणित शिकवलं, म्हणून तर संघ इतका टिकला. तरी यंदा कॉलेजने पैशाचं रडगाणं गाऊन खेळ बंद केलाच. आज शेवटचा सामना होता. डोरीन दवाखान्यातली पाळी संपवून तशीच गाडी हाकत आली होती.

"आज तरी नक्की ना, कोच?"

"सातव्या डावात, डोरीनबाई. काळ्या दगडावरची रेघ."

पण नेमकं आजच चेंडू फेकणाऱ्या पिचर ब्रॉडीच्या हातात काय शिरलं कोण जाणे! नऊ डावांतला सातवा डाव आला तरी त्याने समोरच्यांना एकही फटका मारू दिला नव्हता. अशा वेळी नजर लागू नये म्हणून पिचरशी कोणी बोलत नाही, बाकावरचाही जागा सोडत नाही. मैदानातला माणूस बदलणं तर महापाप. वर्लिन बिचकत एमेटकडे वळला.

"कोच, वेड लागलंय का तुम्हाला?" एमेट कुजबुजला. "कोणी हलायचं नाही. मी तर पायसुद्धा हलवलेला नाही. मुंग्या आल्यात नुसत्या."

"तुझी आई आलीय रे."

"तिला मी सांगेन समजावून."

वर्लिनला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची लाज त्याला पुढे जन्मभर पुरली.

नवव्या डावात शेवटचा गडी उरला असताना फटका बसला. मरतुकडाच, पण बसला. आता पाळायचं काही उरलं नव्हतं.

"एमेट, ऊठ! जा आत!" वर्लिन ओरडला आणि पंचाला हात करू लागला. एमेट उठला, पण पाय बधिर झालेला. तो लटपटून पायरीवरच बसला. पंचाचं लक्ष नव्हतं. चिडलेल्या ब्रॉडीने पुढचा चेंडू लगेच फेकला. तो उंच उडाला, झेलला गेला, सामना संपला.

पोरं गळ्यात पडून रडली आणि पांगली.

"कोच, दंताळं कुठंय?" एमेटने विचारलं. सामना झाला की माती सारखी करायची, हा इथला नेम.

"कशाला रे? उद्या इथे कोण खेळणार आहे?"

"आई थांबलीय अजून."

तो मैदानाची रेघ ओलांडून आत गेला आणि दुसऱ्या बेसपाशी माती ओढू लागला. वर्लिनला त्याच्यामागे जायचा धीर झाला नाही. डोरीनने फोन वर धरला.

"टोपी सरळ कर, बाळा!"

एमेटने टोपी सरळ केली. दंताळं फोटोत येऊ नये म्हणून बाजूला ठेवलं, आणि गुडघ्यांवर हात टेकून, आता चेंडू येणार असल्यासारखा तो वाकून उभा राहिला.