चार नंबरचा शेंडा

मधुसूदनने गुडघे टेकून सहा नंबरच्या डेलियाला पट्टी लावली आणि ती तशीच धरून तो थांबला. काल संध्याकाळी साडेअकरा इंच भरलेले झाड आज साडेदहावर आले होते. शेंडा नव्हता. वरच्या दोन पानांच्या बेचक्यात फक्त एक ओला, हिरवट ठिपका होता.

"शुभदा, आज इकडे कोण आलं होतं?"

"नेहमीचेच," स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायकोचे उत्तर आले. "पेपरवाला, दूधवाला. ज्योतीराम पाणी घालून गेला."

त्याने खिशातली वही काढली आणि तारखेखाली लिहिले : सहा नंबर, शेंडा गायब. चार दिवसांतले हे चौथे झाड होते.

पिंपरीच्या त्या कंपनीत मधुसूदन पाटणकर चौदा वर्षे इन्स्पेक्शन खात्यात होता. पाटणकर घरी पोळीची जाडी मोजायलाही व्हर्नियर लावत असतील, असे वर्कशॉपमधले लोक म्हणत. पोळीला त्याने अजून लावला नव्हता, पण डेलियाच्या खोडाला लावला होता. सात कंद त्याने महाबळेश्वरहून मागवले होते. प्रत्येक झाडापाशी ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ठोकलेला नंबर होता, आणि रोज कंपनीच्या बसमधून उतरला की चहाच्या आधी तो उंची टिपून घेई. बहात्तरच्या दुष्काळात बाग पार वाळून गेली होती. मागच्या वर्षी कॉलनीच्या पुष्पप्रदर्शनातला कप शेजारच्या उद्धवरावांनी नेला. यंदा तो कप आपल्या घरात यावा, असे त्याच्या फार मनात होते. उंच झाड म्हणजे चांगले झाड, एवढे त्याने धरूनच ठेवले होते.

साहजिकच पहिला संशय उद्धवरावांवर गेला. पण ते मुलीच्या बाळंतपणासाठी पंधरा दिवस सहकुटुंब सोलापूरला गेलेले. त्यामुळे नाइलाजाने त्यांना वगळावे लागले. राहिला ज्योतीराम.

ज्योतीराम चिखलीचा. सहा वर्षे कंपनीच्या कॉलनीत टेंपररी माळी होता; घरांपुढच्या वाफ्यांनाही तोच पाणी घाली. येत्या शनिवारी चार माळ्यांना परमनंट करायचे होते आणि यादीत त्याचे नाव होते, हे कॉलनीत सगळ्यांना ठाऊक होते. दसऱ्याच्या आधी हाच माणूस वाफ्यापाशी उभा राहून म्हणाला होता,

"सायेब, शेंडं खुडून टाका. शेंडा मोडला की बगला फुटत्यात. एका फुलाच्या जागी धा फुलं येत्याल."

"वाढणारं झाड छाटायचं? हात लावशील तर बघ."

"ऱ्हायलं," ज्योतीराम म्हणाला आणि पाण्याची नळी उचलून पुढे गेला.

आता मधुसूदनला त्या 'ऱ्हायलं'मध्ये बरेच काही ऐकू येऊ लागले. आपले ऐकले नाही म्हणून डूख धरला असणार. किंवा उद्धवरावांनी जाताना त्याच्या कानात काही सांगितले असणार. संशयाला एकदा घरात पाट मांडून दिला की तो जेवल्याशिवाय उठत नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी त्याने देवघराजवळचा रांगोळीचा डबा उचलला आणि वाफ्याभोवती हातभर रुंदीचा पट्टा चाळणीने पसरला. चार नंबरचे झाड सगळ्यांत जोमदार होते. त्यावर वेताची पाटी उपडी घालून वर वीट ठेवली.

"माझी रांगोळी सगळी संपवलीत," शुभदा म्हणाली.

"तुळशीकडे जाताना जपून जा."

"तुळस वाफ्याला लागूनच आहे. उडत जाऊ का?"

संध्याकाळी एक नंबरचा शेंडा गेलेला होता. रांगोळीवर शुभदाची अनवाणी पावले होती, तुळशीकडे गेलेली आणि परतलेली. ती रोजचीच, म्हणून त्याने हाताने पुसून टाकली आणि मग नीट पाहणी केली. ज्योतीरामच्या टायरच्या चपलांची एकही खूण नव्हती. साध्या माणसाला यावरून ज्योतीराम आलाच नाही असे वाटले असते. मधुसूदनला वाटले, केवढा बिलंदर माणूस आहे, खुणासुद्धा ठेवल्या नाहीत.

बुधवारी सात नंबर गेला. बसमधून उतरल्यावर त्याने ज्योतीरामला फाटकाशीच गाठले.

"सहा झाडं झाली, ज्योतीराम."

ज्योतीरामने वाफ्याकडे पाहिले. मग क्षणभर स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिले आणि मान खाली घातली.

"म्या न्हाई हात लावला, सायेब."

"मग कुणी लावला?"

"त्ये मला ठावं न्हाई."

"माझ्याकडे बघून बोल."

ज्योतीराम बघत नव्हता. नळीचे तोंड उगाच अंगठ्याने दाबत राहिला. तेवढे मधुसूदनला पुरेसे होते. त्याच्या खात्यात नजर चुकवणाऱ्या कामगाराने बनवलेला जॉब तो दोनदा तपासत असे.

गुरुवारी दुपारच्या सुट्टीत त्याने कॉलनीचा कारभार पाहणाऱ्या इस्टेट ऑफिसात तक्रारीचा कागद दिला. सहा झाडे, सहा तारखा, उंची आधी आणि नंतर. खाली सही. कागद इतका नेटका झाला होता की त्याला स्वतःलाच समाधान वाटले.

शुक्रवारी संध्याकाळी चहा घेताना त्याने शुभदाला सांगितले. ती समोर बसून वांगी चिरत होती.

"शनिवारी निकाल लागेल त्याचा. माझी तक्रार गेली आहे."

"कुणाची तक्रार?"

"ज्योतीरामची. शेंडे खुडल्याची."

विळीवरचा तिचा हात थांबला. तिने अर्धे वांगे पाण्यात टाकले, हात पदराला पुसले आणि उजव्या हाताचा अंगठा त्याच्यासमोर धरला. नखाच्या कडेला काळपट हिरवी रेघ होती, मेथी निवडल्यावर राहते तशी. घरात आठ दिवसांत मेथी आली नव्हती.

"मी खुडले," ती म्हणाली. "सहाही."

मधुसूदनने कप खाली ठेवला. बशीत चहा सांडला, तिकडे दोघांनीही पाहिले नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. दोनदा. माझी आई शेवंतीचे शेंडे असेच खुडायची, झाड कसं फुलांनी भरून जायचं, सगळं सांगितलं. तुम्ही पट्टी शोधत होतात."

"आणि रोज एक एक?"

"एकदम खुडले असते तर तुम्ही पोलिसांत गेला असतात." मग तिचा आवाज उतरला. "फुलं आली की सांगणार होते. त्या बिचाऱ्याचं नाव तुम्ही घालाल असं वाटलं नव्हतं. त्याने मला पहिल्याच दिवशी पाहिलं होतं."

"पाहिलं होतं?"

"तुळशीपाशी. काही बोलला नाही. नळी घेऊन पलीकडच्या रांगेत गेला."

मधुसूदनला फाटकापाशी खाली गेलेली ती मान आठवली आणि आपण पुसलेली रांगोळीतली पावले आठवली. चौदा वर्षांत त्याने हजारो जॉब परत पाठवले होते, पण समोरचा पुरावा आपल्याच हाताने पुसून टाकण्याची वेळ पहिलीच. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

"उद्या मी येते ऑफिसात," शुभदा म्हणाली. "मीच सांगते."

"तू नको येऊस."

शनिवारी ऑफिस उघडायच्या आधीच तो पायरीवर जाऊन उभा राहिला. क्लार्क लक्ष्मणरावांनी फाइल काढली. ज्योतीरामच्या नावापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह होते आणि मागे मधुसूदनचा तो नेटका कागद टाचणीने लावलेला होता.

"मागे घेता येईल की, साहेब. मीटिंग अकराला आहे. पण कारण लेखी लागेल."

मधुसूदनने पेनाचे टोपण काढले. बायकोचे नाव लिहिले तर दुपारपर्यंत ते कॉलनीतल्या प्रत्येक ओट्यावर पोचेल. गैरसमज असे लिहिले तर मीटिंगमध्ये विचारतील, मग शेंडे गेले कुठे, आणि प्रश्नचिन्ह तसेच राहील. आजवर त्याने खोट्या रिपोर्टावर सही केली नव्हती, वरिष्ठांनी सांगूनसुद्धा. मग त्याने लिहिले : 'सदर झाडांचे शेंडे मी स्वतः खुडले होते. माळ्याचा दोष नाही.'

लक्ष्मणरावांनी वाचले, चष्मा वर केला.

"मग तक्रार कशी केलीत?"

"विसरलो होतो."

"तुम्ही?"

"हो. मी."

लक्ष्मणराव हसू दाबत होते. सोमवारी कॅन्टीनमध्ये हेच चालणार, हे मधुसूदनला स्वच्छ दिसत होते. पण त्यांनी खोडरबराने प्रश्नचिन्ह पुसले, आणि ते नीट पुसले गेल्याची खात्री करूनच तो निघाला.

घरी आला तेव्हा ज्योतीराम वाफ्याला पाणी घालत होता. त्याने नळी बाजूला धरली आणि वाट दिली.

"अकराला मीटिंग आहे," मधुसूदन म्हणाला. "तुझं नाव यादीत आहे. मी बघून आलो."

ज्योतीरामने मान हलवली. आभार मानले नाहीत, आणि मधुसूदनला ते बरे वाटले.

"तू तेव्हाच का नाही बोललास?"

"काय बोलू, सायेब? बाई तुमच्या, झाडं तुमची. आन् खुडत व्हत्या त्ये बरुबरच खुडत व्हत्या."

एक नंबरच्या झाडाला बगलेत दोन कोवळे फुटवे आले होते. मधुसूदनने वाकून ते पाहिले. मग चार नंबरवरची वीट काढली, पाटी उचलली. पाटीच्या अंधारात झाड झपाट्याने वाढले होते, फिकट आणि लवलवते. त्याने सवयीने खिशातल्या पट्टीला हात घातला आणि ती तशीच राहू दिली.

"कुठे खुडायचं?"

"वरच्या कवळ्या पानांच्या खाली. नखानं. कात्री नगं."

त्याने अंगठा आणि बोट लावले. शेंडा इतक्या सहज हातात आला की त्याला नवल वाटले. ऑफिसातला कागद निदान एका झाडापुरता तरी आता खरा होता.

मोरीवर त्याने दोनदा साबण लावून हात धुतले. नखातली हिरवी रेघ गेली नाही. जेवताना शुभदाचे तिकडे लक्ष गेले. तिने त्याच्या ताटात भात वाढला आणि वरणाची वाटी जवळ सरकवली.