त्रिभोवन मिस्त्रीचे चोवीस पोपट

त्रिभोवन मिस्त्रीनं एकदा सागाचा खाकरा केला होता. मेथीच्या हिरव्या टिकल्यांसकट! व्याह्यांनी तो ताटातून उचलला, वर कैरीचा छुंदा घेतला आणि असा काही चावला की व्याही आज सुरतेला आहेत आणि त्यांचा पुढचा दात अजून अहमदाबादेत आहे. "जरा जास्त भाजलाय," एवढंच म्हणाले बिचारे. तेव्हापासून मिस्त्रीची बायको मंछाबेन कुणाच्या घरी जेवायला बसली की आधी नखानं वाजवून बघायची.

दोघं राहायची आमच्या पोळेतल्या, म्हणजे जुन्या गल्लीतल्या, पोपटांच्या हवेलीत, तळमजल्यावर. पुढच्या खोलीत रंधा आणि पटाशा, मागच्या खोलीत चूल. वरचे दोन मजले शेठनं कलाकारांना भाड्यानं दिले होते. त्यातला एक जण दिवसभर लोखंडाचा गंज उकळायचा. एक पोरगी चौकाखालच्या पाण्याच्या टाक्यात दोरीनं माइक सोडून टाकं काय बोलतं ते ऐकत बसायची. आणि तिसरा, दाढीवाला, चार महिने नुसता भिंतीकडे बघत बसला. मग त्यानं त्या भिंतीचं चित्र काढलं. हुबेहूब भिंत. मंछाबेन म्हणाली, "पण भाई, भिंत होतीच की!" तो दोन दिवस जेवला नाही.

हवेलीत जुनं म्हणावं असं फारसं उरलं नव्हतं. खांब मोठ्या शेठनं विकले, फरशी धाकट्यानं बदलली, दारांवर निळा ऑइलपेंट. राहिले ते फक्त सज्जाखालचे बारा लाकडी पोपट. दोनशे वर्षांपूर्वी कुणा सुतारानं कोरलेले, आणि सज्जाचा सगळा भार त्यांच्याच पाठीवर. असे जिवंत, की पोळेतली मांजरं त्यांच्यावर झेप घेऊन नाक फोडून घ्यायची. चौकात पेरू, आमच्याकडचं जामफळ, ठेवलं तर दुसऱ्या दिवशी त्याला चोचीचा खड्डा पडलेला असायचा. पोळेत कुणालाही विचारा. निम्मे म्हणतील ऐकलंय, निम्मे म्हणतील पाहिलंय.

तर एक दिवस वरच्या कलाकारांतली चौथी, केयूरी, खाली आली. हुशार मुलगी, हातात कायम मोजायची टेप. म्हणाली, "काका, हॉलंडच्या एका म्युझियमनं मला बोलावलंय. मला तिथं हे पोपट न्यायचेत. घर सोडून उडून गेलेले पोपट, असं ते काम आहे."

"आणि सज्जा काय हवेत उभा राहणार बेटा?"

"तुम्ही बारा नवे करायचे. हुबेहूब. शेठ हो म्हणालेत."

शेठ कशाला नाही म्हणतोय? त्याला हवेली पाडून वर सात मजले चढवायचे होते.

मिस्त्री कामाला लागला. पलीकडच्या पोळेत एक घर पाडलं होतं, तिथलं दोनशे वर्षांचं सागाचं तुळवट आणलं. लोखंडी खिळा एक नाही. चुलीचा धूर दिला, एरंडेलाचा हात फिरवला, कबुतरांची शीटसुद्धा जिथली तिथं. पोपटाचं जे टोक भिंतीत जातं, जे कुणी जन्मात बघणार नाही, तिथं जुन्या सुतारानं एक मासोळी कोरली होती. मिस्त्रीनं तीही कोरली. बारा वेळा.

"हे कोण बघणार आहे?" मंछाबेननं विचारलं.

"त्यानं कुणी बघावं म्हणून कोरली होती का?"

सज्जाला बांबूचे टेकू लागले आणि चोवीस पोपट चौकात उतरले. उजव्या ओळीत जुने, डाव्या ओळीत नवे. ओळ मोडली तर ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. सकाळी मंछाबेननं चौकभर पडलेला भुसा झाडून काढला. "म्हातारपणी पोपट पाळलेत! त्यांचा कचरा कोण काढणार, हॉलंड?"

दुपारी पेट्या आल्या, आणि मिस्त्रीचं मन फिरलं. दोनशे वर्षं ज्यांनी घर पेललं त्यांना काचेत उभं करायचं, आणि घर उभं राहणार त्याच्या कालच्या पोरांच्या पाठीवर? त्यानं डावी ओळ पेट्यांत भरली. उजवी परत सज्जाखाली बसवली. कुणाला बोलला नाही, मंछाबेनलाही नाही. महिनाभर नुसता गालात हसायचा. मंछाबेनला वाटलं, दाढ दुखतेय.

हॉलंडात पोपट फार गाजले म्हणतात. केयूरीचं जाडजूड पुस्तक निघालं. त्यात मासोळीचा हा एवढा मोठा फोटो, आणि खाली लिहिलेलं की अस्सल बारा पोपट आता या म्युझियमचे झाले, अहमदाबादेतल्या घराला आता नकलांचा टेकू आहे. मिस्त्रीनं दाढीवाल्याकडून ते वाचून घेतलं आणि पोट धरून हसला. त्या वर्षातलं त्याचं ते शेवटचं हसू.

कारण दिवाळी झाली आणि शेठनं हवेली पाडायचा अर्ज टाकला. वारसा कमिटीनं घराला जुनं म्हणून शिक्का दिला तरच ते वाचणार होतं. नाहीतर मिस्त्रीचं घर आणि रंधा, कलाकारांचा गंज, टाक्यातला माइक, सगळं रस्त्यावर.

कमिटीचे वसावडा साहेब आले. भला माणूस, पायताण बाहेर काढून आत आला. खांब नाहीत, फरशी नाही, लिहून घेतलं. मग मान वर करून पोपटांकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"काय काम आहे!" साहेब म्हणाले, आणि पिशवीतून केयूरीचं पुस्तक काढलं. "दुर्दैव बघा. हे राहिले असते तर घर वाचलं असतं."

"राहिलेत साहेब!" मिस्त्री पुढं झाला. "हेच खरे. तिकडं गेले ते माझे. मी बदलले."

केयूरी जिन्यात उभी होती, तिच्या हातातली टेप सर्रकन आत गेली.

"त्रिभोवनभाई, हे सिद्ध करता येईल?"

मिस्त्रीनं शिडी लावली, टेकू दिला, मोगरीनं ठोकून एक पोपट सोडवला आणि त्याचं टोक साहेबांसमोर धरलं. "ही बघा, मासोळी."

साहेबांनी पुस्तकातलं पान उघडून शेजारी धरलं. तीच मासोळी. शेपटीचा तोच तिरका काप.

"फोटोतली मीच कोरली साहेब."

"मग ही तुम्ही नाही कोरली कशावरून?"

मिस्त्रीनं टोक उजेडाकडे फिरवून पुन्हा बघितलं.

"लाकूड?"

"तेही जुनंच वापरलं."

"खिळा?"

"सुतार आहे मी साहेब, लोहार नाही."

"काहीतरी फरक ठेवला असेल ना हो?" आता साहेबच काकुळतीला आले होते. "एखादी खूण, एखादं बोट कमी, काहीही."

"ओळखता आले असते," मिस्त्री हळू म्हणाला, "तर मी मिस्त्री कसला?"

साहेबांनी केयूरीकडे बघितलं. तिनं आधी पोपटाकडे बघितलं, मग मिस्त्रीकडे, मग जमिनीकडे. "खरे तिकडेच आहेत," ती म्हणाली. साहेबांनी लिहिलं, पायताण घातलं आणि गेले. जाताना वळून सज्जाकडे दोनदा बघितलं त्यांनी, एवढं खरं.

केयूरी मिस्त्रीच्या दारात येऊन उभी राहिली. "काका, त्यांनी काचेत ठेवलेत ते. मी उद्या म्हटलं नकली आहेत, तर मला जगात कुणी दारात उभं करणार नाही. आणि मला तरी कसं कळावं, तुम्ही खरं बोलताय की घर वाचवायला बोलताय?"

मिस्त्री रंध्याचं पातं पुसत राहिला. शेवटी म्हणाला, "चहा घेऊन जा." तिनं उभ्यानंच घेतला.

होळीच्या आत हवेली उतरवली. पोपट मिस्त्रीनंच काढले, दुसऱ्या कुणाला ते सांधे सुटले नसते. ठेकेदारानं अकरा पोपट जळणाच्या ट्रकमध्ये टाकले आणि बारावा मिस्त्रीच्या हातात दिला. "घ्या काका, आठवण. तुमचीच तर नक्कल आहे." कलाकार पांगले. दाढीवाल्यानं भिंतीचं चित्र काखेत मारलं. आता मात्र भिंत तेवढीच उरली होती.

मिस्त्री आणि मंछाबेन मुलाकडे गेली, वस्त्रालला, नवव्या मजल्यावर. तिथं रंधा चालवायची परवानगी नाही, खालच्यांना आवाज जातो. पोपट टीव्हीच्या बाजूला ठेवला. मिस्त्री दिवसभर त्याच्यासमोर बसायचा. हेच समाधान, की अस्सल एक तरी हाताशी आहे.

एका दुपारी मंछाबेन केर काढताना पोपट उचलून खुर्चीवर ठेवायला लागली, तेव्हा मिस्त्री एकदम ताठ झाला.

"मंछा, पेट्या आल्या त्या सकाळी चौक झाडलास ना तू?"

"मग कुणी झाडला? शेठनं?"

"पोपट हलवले होतेस?"

"हलवल्याशिवाय भुसा निघतो होय! एकेक उचलून ओट्यावर ठेवला, झाडलं, परत मांडले दोन ओळींत. नीट मांडले हं, सरळ."

"जिथले तिथं?"

मंछाबेननं त्याच्याकडे बघितलं. केरसुणी हातात तशीच. "अहो, सगळे सारखेच तर होते," ती म्हणाली. "तुम्हीच सारखे केलेत."

मिस्त्रीनं पोपट मांडीवर घेतला. बोटांनी चोच चाचपली, पंख चाचपले, मासोळी चाचपली. वास घेतला. धुराचा वास येत होता. धूर जुन्या-नव्या दोघांनाही लागलेला होता. कानाशी धरून टिचकी मारली. मग पोपट परत जागेवर ठेवला, स्वयंपाकघरात जाऊन एक पिकलं जामफळ आणलं आणि त्याच्या चोचीसमोर मांडलं.

सून हसली. मंछाबेन हसली नाही.

दुसऱ्या दिवशी जामफळ तसंच होतं. तिसऱ्या दिवशी त्याला डाग पडला आणि घरभर वास सुटला.

"सडतंय ते," मंछाबेन म्हणाली. "कापून देऊ का? मीठ लावून?"

"राहू दे," मिस्त्री म्हणाला. "अजून एक दिवस राहू दे."